तोटीला धरलेला दगड

"रोज घासते हो भाऊ, पण जातच नाही."

लातुरात नळाची कामं करायला लागून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य हेच. नळ गळतोय, शॉवर एकाच बाजूला उडतोय, बेसिनला धार येत नाही, या तक्रारी नंतर. आधी घरातली बाई न्हाणीघराच्या दारात उभी राहते आणि नळावरच्या पांढऱ्या थराबद्दल जणू माझी माफी मागते. मागे सासूबाई उभ्या असल्या तर तिचा आवाज आणखी खाली जातो. एका घरी तर मी आत शिरलो तेव्हा नवी सून तारेची घासणी घेऊन बेसिनचा नळ खरवडत होती. पाहुणे यायचे होते. नळावरचा थर तसाच होता, पण तिच्या बोटांची सालं निघाली होती आणि नळाच्या चकाकीवर बारीक बारीक चरे उमटले होते.

अशा वेळी मी हातातली पिशवी खाली ठेवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "ताई, हा मळ नाही. हा दगड आहे. पाण्यातून आलाय. तुम्ही कितीही स्वच्छ राहा, तो बसणारच."

हे सांगणं मला नळ दुरुस्त करण्याइतकंच गरजेचं वाटतं. घरातल्या पांढऱ्या नळांचा ठपका बाईच्या माथी बसलेला मी फार घरांत पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचं वाईट वाटतं. दोष पाण्याचाही नाही खरं तर. पाणी जिथून येतं त्या जमिनीची ती खूण आहे.

आमच्या भागात शेत खोल नांगरलं की काळ्या मातीत पांढरे खडे वर येतात. ही चुनखडी. जुन्या वाड्यांचा चुना हेच खडे भट्टीत भाजून आणि बैलाच्या घाण्यात मळून केलेला. मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण, आणि त्या पाषाणाच्या भेगांत अन् पोकळ्यांतही चुना असतो. पावसाचं पाणी मातीतून खाली झिरपताना मुळांनी आणि कुजलेल्या पाल्यानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि किंचित आंबट होतं. त्या आंबटपणाच्या जोरावर ते वाटेतला चुना स्वतःत विरघळवून घेतं. तेव्हा तो दिसत नाही. पाणी काचेसारखं निर्मळ असतं. मोटरीनं ते वर आलं, टाकीत पडलं, तोटीतून बाहेर आलं, की तो वायू उडून जातो, थेंब वाळतो आणि दगड मागं राहतो. पाणी तापवलं तर हेच सगळं कितीतरी लवकर होतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण विशाखापट्टणमला गेलो होतो. अरकूच्या वाटेवर बोर्रा गुंफा आहेत, त्या पाहिल्या. छतातून लोंबणारे दगडाचे सुळके पाहून बरोबरची मंडळी थक्क झाली. मला मात्र गर्दीत अचानक गाववाला भेटावा तसं झालं. गळक्या तोटीच्या टोकाशी करंगळीच्या नखाएवढा अगदी तसाच सुळका मी शेकडो वेळा काढलेला आहे. तिथं हजारो वर्षं लागली, इथं सहा महिने, एवढाच फरक.

लोकांना हे पटावं म्हणून मी एक हिशोब करून दाखवतो. पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आत असावा, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. बोअरच्या पाण्याचा 600 च्या आसपासचा तपासणी अहवाल मी एकापेक्षा जास्त सोसायट्यांत वाचला आहे. आता पाच माणसांच्या घरात दिवसाला 500 लिटर पाणी लागतं असं धरा. म्हणजे त्या घराच्या पाइपातून रोज 300 ग्रॅम दगड वाहतो. महिन्याला 9 किलो! बहुतेक सगळा मोरीतून निघून जातो हे खरं, पण त्यातला चिमूटभर जरी रोज तोटीला, शॉवरला, गिझरच्या कॉइलला धरला तरी वर्षात काय होईल ते सांगायला नको.

माझं लहानपण औसा तालुक्यातल्या एका गावात गेलं. हापशाचं पाणी. घागर रिकामी झाली की आत पाण्याच्या पातळीनं पांढरी कडी दिसायची. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजायची नाही. आई पावसाळ्यात पागोळ्यांखाली पातेली लावून ठेवायची. त्या पाण्यात डाळ टाकली की कशी मऊसूत व्हायची! केसही ती त्याच पाण्यानं धुवायची, साबणाला फेस येतो म्हणून. आणि तांब्याचा बंब घासायला चिंच. ओली चिंच चोळून बंब थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग राखेनं पुसायचा. चिंच काळपटपणा काढते, चुना काही फारसा काढत नाही, हे मला पुढं धंद्यात पडल्यावर कळलं. पण आंबट लावायचं आणि थांबायचं, ही रीत माझ्या डोळ्यांपुढं लहानपणापासून होती. तरीही ती अंगी बाणायला मला एक नुकसान सोसावं लागलं.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या वस्तादांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांचा पान्यावरचा हात हलका होता. नळाला कधी थेट पाना लावायचे नाहीत, मध्ये फडकं घ्यायचेच. क्षार धरलेला नळ आला की ते तो आधी डोळ्यांसमोर धरून फिरवून बघत. "बेटा, दगडाला घाई चालत नाही," असं म्हणत आणि लिंबाच्या सत्त्वाची पुडी काढत. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटायचा. तासाभरात चार घरं होतील तिथं एकाच घरी वाटी घेऊन कशाला बसायचं?

चाचांपासून वेगळा होऊन मी स्वतःची कामं घ्यायला लागलो त्याच वर्षीची गोष्ट. एका बंगल्यात वास्तुशांत होती. बांधकाम दोन वर्षं चाललेलं, नळ आधीच बसवलेले, बोअरच्या पाण्यानं सगळ्या नळांवर पांढरे ओघळ. मालकांनी सांगितलं, उद्या सकाळी गुरुजी यायच्या आत सगळं लखलखीत पाहिजे. आठ नळ होते. मी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेतली आणि फडक्यानं एकेका नळाला लावत गेलो. फेस उसळला, थर क्षणात गेला. मला वाटलं, जमलं. पण आठवा नळ पुसून पहिल्यापाशी आलो तेव्हा त्याच्या मानेवर पिवळसर-काळपट डाग दिसायला लागले होते. धुतलं, पुसलं, काही उपयोग झाला नाही. ते ॲसिड चुना खातं तसंच क्रोमचा मुलामाही खातं. मुलामा असतो केसापेक्षाही कितीतरी पातळ. त्याखाली निकेल, त्याखाली पितळ. एकदा तो गेला की कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही.

मालक एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या आई मात्र तिथं येऊन नळाकडं बघत उभ्या राहिल्या, आणि मला मालकांच्या न बोलण्यापेक्षा तेच जड गेलं. रात्री दुकान उघडायला लावून मी स्वतःच्या पैशांनी पाच नळ आणले आणि पहाटेपर्यंत बसवले. तीन नळ वाचले होते. दुसऱ्या दिवशी चाचांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "न्हाणीघराची खिडकी उघडी होती ना?" ॲसिडच्या वाफेची त्यांना काळजी. मग म्हणाले, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधी एका जागी आणू नकोस, त्यातून क्लोरीन निघतो, माणूस गुदमरतो. पुढं एका घरी मी हे खरंच घडलेलं पाहिलं. घरातल्या मावशींनी फरशीवर आधी ब्लीचिंग टाकलं होतं, वरून ॲसिड. त्या कशाबशा खोकत बाहेर आल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून ज्या घरी जातो तिथं न विचारता हे सांगून येतो. कुणाला आगाऊपणा वाटला तरी चालेल.

तर आता माझी रीत सांगतो.

पहिल्यांदा नळाच्या तोंडाची जाळी काढायची. आमच्याकडं कुणी तिला जेट म्हणतं, कुणी नुसती जाळी. ती आट्यांवर फिरते. हातानं फिरली नाही तर फडकं गुंडाळून पान्यानं, हलक्या हातानं. आट्यांतच चुना बसलेला असला तर मुळीच जोर करायचा नाही, आधी भिजवायचं. जाळी बाहेर आली की तळहातावर उपडी करून टिचकी मारायची. आतून रव्यासारखे कण पडतात. पांढरे चुन्याचे, एखादा तांबूस गंजाचा पापुद्रा, कधी टाकीतली वाळू, कधी पाइप कापताना राहिलेला प्लॅस्टिकचा किस. धार का बारीक झाली याचं उत्तर तिथंच हातावर पडलेलं असतं. घरातलं लहान पोर जवळ असलं तर मी मुद्दाम त्याच्या हातावर देतो.

मग रबरी वायसर वेगळा काढून ठेवायचा. वाटीत कोमट पाणी, त्यात लिंबाचं सत्त्व. लिटरभर पाण्याला साधारण 50 ग्रॅम, म्हणजे वाटीभर पाण्याला दोन लहान चमचे. किराणा दुकानात दहा-वीस रुपयांची पुडी मिळते. व्हिनेगर घरात असेल तर तेही चालतं, त्यात पाणी घालायची गरज नसते, वेळ मात्र जास्त लागतो. पाणी उकळतं घ्यायचं नाही. कडक गरम पाण्यात आणि दाट द्रावणात सत्त्व अन् चुना मिळून वेगळाच पांढरा साका धरतो, आणि तो मग सहजी विरघळत नाही. हे मी स्वतः करून, जाळ्या वाया घालवून शिकलो.

जाळी वाटीत टाकली की पहिली काही सेकंदं काहीच होत नाही. मग तिच्या कडेला मोहरीहून बारीक बुडबुडे धरायला लागतात. एक सुटतो, वर येतो. मग दुसरा. मिनिटभरात सगळी जाळी बुडबुड्यांनी मढते आणि वाटीला कान लावला तर सोडा फुटल्यासारखा अगदी बारीक आवाज येतो. चुन्यात कोंडलेला वायू मोकळा होत असतो. आता तिला हलवायचं नाही, घासायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पाण्यात धुरकटपणा येतो, बुडबुडे मंदावतात. इथं दोन गोष्टी असू शकतात: चुना संपलेला असतो, नाहीतर आंबट संपलेलं असतं. जाळीवर अजून पांढरं दिसत असेल तर आंबट संपलंय, पाणी बदलायचं. बरेच लोक इथंच कंटाळतात आणि सुई घेऊन भोकं टोकरायला लागतात. जाळीची भोकं एकदा फाकली की धार कायमची वाकडी होते. शेवटी जुन्या दातांच्या ब्रशानं एक हात फिरवायचा. ब्रशाला जोर लावावा लागला तर समजा, भिजणं अजून झालेलं नाही.

जो नळ निघत नाही, त्याला सुती फडकं त्याच पाण्यात भिजवून गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबर लावायचं. अर्धा तास. रात्रभर नाही. सत्त्व सौम्य असलं तरी ते आंबटच, मुलाम्यावर तासन् तास ठेवायची ती वस्तू नाही. सोनेरी आणि काळ्या रंगाच्या फॅशनच्या नळांना तर मी पाच-पाच मिनिटं लावतो आणि धुतो, पुन्हा लावतो आणि धुतो.

आणि खाली काय आहे ते आधी बघायचं. हे मी ठळक अक्षरांत लिहून दारावर लावावं असं मला वाटतं. एका काकूंना मी सगळी रीत फोनवर सांगितली. त्यांनी मनापासून केली, नळ चकचकीत झाला. पण फडक्यातलं पाणी रात्रभर कडप्प्याच्या ओट्यावर ठिबकत राहिलं, आणि काळ्याभोर ओट्यावर पिंपळपानाएवढा राखाडी डाग कायमचा पडला. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर, हे सगळे चुन्याचेच दगड. जे आंबट तोटीवरचा चुना खाईल ते ओटाही खाईल. ग्रॅनाइटला फारसं काही होत नाही. त्या काकूंनी मला बोल लावला नाही, उलट माझीच समजूत घातली. पण चूक माझी होती, मी ओटा कसला आहे हे विचारलंच नव्हतं. आता मी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो.

नळाच्या पोटात काय चालतं हे थोडक्यात सांगून पुढं जातो. हल्लीच्या पाव फेऱ्याच्या नळांत रबराऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर फिरतात. आरशासारख्या गुळगुळीत. त्यांच्यामध्ये चुन्याचा एक कण गेला की नळ जड फिरतो, मग माणूस जोर लावतो, मग स्पिंडल तुटतो. तेव्हा नळ जड झाला की तिथंच थांबावं. चकत्या भिजवून, धुवून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात देऊन बसवल्या तर बऱ्याचदा नवा स्पिंडल लागत नाही. खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस लावू नये, आतली रबरी कडी फुगते.

बेसिनखालचा अँगल कॉक ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. बसवल्या दिवसापासून त्याला कुणी हात लावत नाही. पाच-सात वर्षांनी वरचा नळ तुटतो, पाण्याचा फवारा उडतो, घरातले खालचा कॉक बंद करायला धावतात आणि तो चुन्यानं जागच्या जागी चिणलेला असतो. मध्यरात्री असे तीन फोन मला आले आहेत. तीनही घरी लोकांना गच्चीवरच्या टाकीचा कॉक कुठला हे ठाऊक नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी अँगल कॉक एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडावा. एवढ्या हालचालीनं चुना धरत नाही.

सगळ्यात जास्त दगड मात्र गिझरमध्ये सापडतो. गिझर चालू केल्यावर आतून डाळ शिजल्यासारखी तडतड-खळखळ ऐकू आली की कॉइलवर थर चढलाय समजावं. थराखालची कॉइल पाण्याला उष्णता नीट देऊ शकत नाही, स्वतःच तापत राहते, आणि एक दिवस फाटते. पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते. मी उघडलेल्या एका गिझरमधून अर्धी बादली पापुद्रे निघाले, नदीकाठच्या शिंपल्यांसारखे, एकावर एक. कॉइल मनगटाएवढी जाड झालेली. तिच्या त्या थराचा एक तुकडा मी जपून ठेवला आहे. आडवा कापला तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. काही पांढरी, काही तपकिरी. तपकिरी वलयं गढूळ पाण्याच्या दिवसांची, असा माझा अंदाज. गिझरची चकती अगदी शेवटच्या आकड्यावर ठेवू नये, 50-55 अंशांवर ठेवली तर थर पुष्कळ हळू चढतो. इतक्या ऊन पाण्यातही पुन्हा गार मिसळावंच लागतं.

यंत्रं विकणाऱ्यांबद्दल बोलायला हवं. दारावर येणारा माणूस टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरच्यांना घाबरवतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, त्यात मीठही आलं. जडपणा म्हणजे त्यातला चुना आणि मॅग्नेशियम. त्याची तपासणी वेगळी असते, थेंब मोजून रंग बदलेपर्यंत करायची. घरी बघायचं असेल तर बाटलीत पाणी आणि साबणाचा किस घालून हलवावा. फेस न येता दह्यासारखा चोथा झाला की पाणी जड. सॉफ्टनर खरोखर काम करतो, त्यातली राळ चुना धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. पण राळ मिठाच्या पाण्यानं नियमित धुवावी लागते. मीठ संपलं आणि कुणी भरलं नाही तर ते यंत्र नुसती उभी टाकी होऊन राहतं. कितीतरी सोसायट्यांत ते मी बघतो: वर्गणी काढून बसवलेलं, दोन वर्षांत विसरलेलं. पाइपाला बाहेरून बांधायचे लोहचुंबकही विकले जातात. ते बसवलेल्या घरांतल्या जाळ्या मी काढल्या आहेत, आणि त्यांत तेवढाच चुना होता. ज्याची ऐपत आणि सांभाळायची तयारी आहे त्यानं सॉफ्टनर जरूर घ्यावा. बाकीच्यांना मी वीस रुपयांची पुडी आणि तीन महिन्यांतून एक दुपार सांगतो. शिवाय नळ वापरल्यावर सुक्या फडक्यानं पुसायचा. थेंब वाळलाच नाही तर दगड बसणार कुठून?

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्या दिवसांत ज्याच्या हातात पैसा होता तो बोअर मारत होता. शंभर-दोनशे फुटांवर पाणी उरलं नव्हतं. सहाशे, सातशे फूट. एवढ्या खालचं पाणी वर्षानुवर्षं दगडाच्या सोबतीत राहिलेलं असतं. माझ्या कामावरून मला ते आकड्यांशिवाय कळत होतं. पूर्वी वर्षभरात तुंबणाऱ्या जाळ्या त्या नव्या बोअरवर तीन-चार महिन्यांत तुंबायला लागल्या. त्याच काळात रेल्वेचं पाणी टँकरनं एका आळीत आलं तेव्हा मी तिथं कामाला होतो. एका आजींनी त्यातलं तांब्याभर वेगळं ठेवलं आणि त्यात डाळ लावली. कुकर उघडल्यावर त्यांनी मला हाक मारून पातेलं दाखवलं. डाळ मोडून एकजीव झाली होती. "बघ, कृष्णामाईचं पाणी हाय," म्हणाल्या. मला आईची पागोळ्यांखालची पातेली आठवली.

म्हणून पावसाचं पाणी छतावरून बोअरजवळ मुरवा, हे मी नळाचं काम करायला गेलेल्या घरीही सांगतो. माझा त्यात काही धंदा नाही. मुरलेल्या पाण्यानं लगेच गोडी येते असंही नाही. पण ज्या दोन-तीन सोसायट्यांनी नेटानं केलं तिथल्या बोअरला पावसाळ्यानंतर काही महिने तरी पाणी वरच लागतं, आणि जाळ्याही उशिरा तुंबतात, हे मी पाहतो आहे.

सध्या माझ्या हाताखाली भाचा शिकतोय. दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, घराघरांत साफसफाई निघालेली. परवा एका जुन्या घरी गेलो. पितळी नळ, बिनमुलाम्याचा, चाळीस वर्षांचा तरी. तोंडाशी चुन्याचं वेटोळं धरून धार दोन दिशांना फुटलेली. घरातल्या आजी म्हणाल्या, नवा बसवायचा असला तर बसवा, पण हा ह्यांनी स्वतः सोलापुराहून आणला होता. मी पिशवी उघडेपर्यंत भाच्यानं स्क्रू ड्रायव्हर काढला आणि वेटोळ्याला टेकवला. मी त्याचा हात धरला.

फडकं भिजवलं, गुंडाळलं, वर पिशवी बांधली. खाली शहाबादी फरशी होती, तिथं परात ठेवली. भाचा घड्याळ बघायला लागला. पुढची दोन घरं थांबली होती, फोन वाजत होता.

"मामा, किती वेळ?"

"अर्धा तास."

"तोवर काय करायचं?"

मी त्याला जवळ ओढलं आणि पिशवीवर कान लावायला सांगितलं. तो वाकला. आधी त्याला काही ऐकू आलं नाही. मग त्यानं हातानंच मला गप्प राहायची खूण केली आणि तसाच वाकून ऐकत राहिला. आतून आजींनी विचारलं, चहात साखर किती घालू.